आवृत्ती-नियंत्रण, अभियांत्रिकी आरेखनांचे

यंत्राच्या सुट्या भागाच्या किंवा जोडणीच्या ड्रॉइंगमधील बदल नोंदवण्याची, मंजूर करण्याची आणि जुनी प्रत शॉपफ्लोअरवरून मागे घेण्याची पद्धत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील तक्त्यात आवृत्तीचे अक्षर, बदलाचे वर्णन, तारीख व मंजुरीची सही असते. आय, ओ, क्यू, एस, झेड ही अंकांसारखी भासणारी अक्षरे अमेरिकी प्रघातात वगळतात.

खरा पेच अक्षराचा नसून पार्ट नंबरचा असतो. जुना व नवा भाग एकमेकांच्या जागी बिनदिक्कत चालत असतील, तर फक्त आवृत्ती बदलते. आकार, बसणी वा कार्य बदलले की नवा नंबर द्यावा लागतो. वरच्या जोडण्यांनाही हाच न्याय. अदलाबदल पुन्हा शक्य होते तिथे नवे नंबर देण्याची ही साखळी थांबते. घाईत हा नियम हमखास मोडतो.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये २००६ साली अधिक लांब दट्ट्या व जोरकस स्प्रिंग मंजूर झाली, पण पार्ट नंबर जुनाच राहिला. किल्ली आपोआप फिरून इंजिन बंद पडण्याचा दोष नव्या गाड्यांतच का नाही, हे तपासनिसांना वर्षानुवर्षे उलगडले नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या; कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.