विकासवाडी, कोसबाड

पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर असलेले आदिवासी मुलांचे शिक्षणकेंद्र. जवळचे रेल्वे स्थानक घोलवड. भोवती वारली पाडे. नूतन बाल शिक्षण संघाच्या (स्थापना १९२६) ग्राम बाल शिक्षा केंद्राने येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या जोडणीला विकासवाडी म्हणतात.

केंद्राचा उगम समुद्रकाठच्या बोर्डी गावातला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले होते आणि पुढे दादरला शिशुविहार उभारला होता. हे शिक्षण शहरातल्या मुलांपुरते राहू नये, या तळमळीने त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडला आले.

विकासवाडीची रचना नीट समजून घ्यावी, कारण या शाळेचे मोठेपण तिच्यात आहे. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर धाकटे भावंड असते आणि आईबाप मजुरीला गेलेले असतात. हजेरीपटावर अशी मुलगी ‘गैरहजर’. येथे तिला भावंडासकट बोलावले. तान्हे पाळणाघरात गेले, त्याच्याहून मोठे बालवाडीत बसले आणि ताई मोकळ्या हातांनी पाटी घेऊन वर्गात गेली. पाळणाघर ही वरवरची सोय नव्हती. प्राथमिक शाळा त्याच्याच आधाराने भरत होती.

मुलग्यांची अडचण वेगळी. ते दिवसभर गुरांमागे. गुरे सोडून ते येणार नाहीत हे उघड होते, म्हणून शिक्षकच कुरणावर गेले. ही कुरणशाळा. गुरे चरताहेत, मुलांचा एक डोळा त्यांच्यावर आहे, आणि झाडाखाली खडे, पाने, बिया मांडून गणती चालली आहे, असा तो वर्ग. भिंती, बाके, घंटा यांपैकी काही नाही. आजच्या भाषेत ‘भौतिक सुविधा’ शून्य. तरी हा महाराष्ट्रातल्या उत्तम वर्गांपैकी एक मानावा लागेल.

शैक्षणिक साहित्याचेही तसेच. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, गावाला न परवडणारी. ताराबाईंनी त्यांचे तत्त्व ठेवले आणि वस्तू बदलल्या. शिंपले, चिंचोके, गुंजा, बांबू, माती हे परिसरात फुकट मिळणारे आणि मुलांच्या हाताला आधीच सवयीचे.

शिक्षकवर्गात पहिले नाव अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचे. लग्नानंतर काही महिन्यांतच, बालवयात, त्यांना वैधव्य आले. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी या कामाला दिले. ताराबाईंच्या पश्चात केंद्र त्यांनीच सांभाळले. बालवाडी शिक्षिकांचे प्रशिक्षण हे केंद्राचे तितकेच महत्त्वाचे काम. येथील अनुभव अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहिले आहेत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना पद्मश्री मिळाली.

शाळेचे यश निकालाच्या टक्क्यांवर मोजण्याची आपली रीत आहे. कोसबाडला ती अपुरी पडते. ज्या घरांत पाटी कधी आलीच नव्हती, तिथली मुले शाळेत आली आणि टिकली, हे येथले पहिले यश. दुसरे यश देशभर पोचले. बोर्डीत असताना मुले केंद्रापर्यंत येईनात, तेव्हा शिक्षिका वस्तीत जाऊन घरापुढच्या अंगणातच वर्ग भरवू लागल्या. त्या वर्गाला अंगणवाडी म्हणत. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना हेच नाव दिले.