देसाई, महादेव : स्थानबद्धतेतील मृत्यू

(१५ ऑगस्ट १९४२). महात्मा गांधींचे चिटणीस महादेव हरिभाई देसाई (जन्म १ जानेवारी १८९२) यांचा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना हृदयविकाराने झालेला आकस्मिक मृत्यू. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत त्यांना गांधींबरोबर अटक झाली आणि अवघ्या सहाव्या दिवशी ते गेले. वय पन्नास.

त्या सकाळी भेटीला आलेल्या तुरुंग महानिरीक्षकांशी बोलता बोलता ते कोसळले. सहबंदी डॉ. सुशीला नय्यर लगेच धावल्या. गांधींनीही नावाने हाका मारल्या, पण काही मिनिटांत सारे संपले. अतिश्रम व उच्च रक्तदाबामुळे त्यांची प्रकृती १९३८पासूनच ढासळली होती. शिवाय गांधी तुरुंगात उपोषण करतील, या धास्तीने ते पोखरले गेले होते, असे निकटवर्तीयांचे मत. ते ग्राह्य वाटते. मात्र धास्ती हे वैद्यकीय निदान नव्हे. अशा झटक्यात हृदयाची लय बिघडून रक्ताभिसरण थांबू शकते. आज विद्युत्‌धक्क्याने ती पूर्ववत करता येते. १९४२ साली तो उपाय उपलब्धच नव्हता.

मृतदेह बाहेर सोपवण्यास सरकारने नकार दिला. गांधींनी स्वतः पार्थिवाला स्नान घातले व आवारातच अग्निसंस्कार केला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गांधींच्या पत्नी कस्तुरबाही तेथेच निवर्तल्या. दोघांच्या समाध्या त्याच आवारात शेजारी शेजारी आहेत.