घरात वायफाय फुल्ल, पण फोनला रेंज नाही? सेटिंगमधलं हे बटण सुरू आहे का बघा

रील अडखळत नाही, यूट्यूब एचडीमध्ये चालतं, पण साधा फोन आला की "हॅलो... हॅलो... थांबा, गॅलरीत येतो" म्हणत दाराकडे पळावं लागतं. अनेक घरांत हे रोजचं झालंय. मोबाईल खिडकीच्या एका ठरावीक कोपऱ्यात ठेवायचा, तिथून हलवायचा नाही, असा नियमच असतो.

यात गंमत वाटते, पण नुकसानही होतं. कुरिअरवाला खालून फोन करून निघून जातो. हॉस्पिटलमधून रिपोर्टसाठी आलेला कॉल लागत नाही. बँकेचा ओटीपी वेळ संपल्यावर येतो. आणि गावाकडे आईवडील एकटे असतील, तर "आपण डायल केलेला नंबर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे" हे वाक्य तीनदा ऐकल्यावर जीव टांगणीला लागतो.

यावर एक उपाय बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासूनच आहे. तो म्हणजे वायफाय कॉलिंग. वेगळं ॲप नाही, वेगळा नंबर नाही. फक्त हे बटण सेटिंगमध्ये इतकं आत दडवून ठेवलंय की ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचत नाही.

मुळात घरात रेंज जाते कुठे?

मोबाईलचा सिग्नल म्हणजे रेडिओ लहरी. लहरींची फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं भिंती पार करणं त्यांना अवघड जातं. २जीच्या काळात बरेच कॉल ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचे. आता ४जीसाठी १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झही वापरतात, तर ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वर आहे. त्यामुळे डेटाचा वेग वाढला, पण आतल्या खोलीपर्यंत सिग्नल पोहोचणं कठीण झालं.

त्यात भर आपल्या बांधकामाची. सळ्या घातलेलं काँक्रीट, उष्णता अडवणाऱ्या काचा, डोक्यावरचे पत्रे, जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती, हे सगळं सिग्नल खातं. कोकणात आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत तर मध्ये आख्खा डोंगरच असतो. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुलं टेकडीवर जाऊन बसायची, त्या बातम्या आठवत असतील. आज अशा काही गावांत केबलवाल्याचं फायबर घरापर्यंत आलंय, पण टॉवर अजूनही डोंगरापलीकडेच आहे. वायफाय कॉलिंगचा खरा उपयोग अशा घरांना आहे.

व्हॉट्सॲप कॉल आणि हा कॉल, फरक काय?

बरेच जण म्हणतात, "वायफायवरून कॉल करायला व्हॉट्सॲप आहे की!" पण व्हॉट्सॲपवर समोरच्याकडेही व्हॉट्सॲप आणि इंटरनेट लागतं. बँकेचं कस्टमर केअर, दवाखान्याची लँडलाइन, काकांचा बटणांचा फोन, यापैकी कुठेच व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. आणि तुम्हाला नेहमीच्या नंबरवर कुणी फोन केला, तर तो काही व्हॉट्सॲपवर वळत नाही.

वायफाय कॉलिंगमध्ये कॉल नेहमीच्याच नंबरवरून, नेहमीच्याच डायलरमधून होतो. बदलतो फक्त रस्ता. टॉवरऐवजी फोन घरच्या राउटरमधून इंटरनेटवर जातो आणि थेट तुमच्या मोबाईल कंपनीच्या गेटवेशी एक बंदिस्त बोगदा तयार करतो. सिम कार्डवरून तुमची ओळख पटते आणि पुढे कॉल कंपनीच्या नेटवर्कमध्ये इतर कॉलसारखाच जातो. समोरच्याला काही कळतही नाही, त्याला काही करावंही लागत नाही. तांत्रिक भाषेत याला व्हॉइस ओव्हर वायफाय म्हणतात, म्हणून काही फोनवर 'व्हीओवायफाय' असं लिहून येतं.

भारतात हे यायला तसा उशीर झाला. अमेरिकेत २०१४ मध्ये आयफोनवर ही सोय आली होती. आपल्याकडे ट्रायने २०१७ मध्ये इंटरनेटवरून कॉल करू देण्याबाबत शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याचे नियम त्यानुसार बदलले. मग डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने दिल्ली परिसरातून सुरुवात केली, जानेवारी २०२० मध्ये जिओने देशभर सेवा दिली. व्हीआयने २०२० च्या अखेरीस पहिल्या टप्प्यात जे सर्कल निवडले, त्यात महाराष्ट्र-गोवा होतं. बीएसएनएलची देशव्यापी सेवा मात्र २०२६ च्या सुरुवातीला आली.

सुरू कसं करायचं?

आधी दोन गोष्टी तपासा. फोन वायफाय कॉलिंग चालणारा हवा (गेल्या काही वर्षांत घेतलेला ४जी किंवा ५जी फोन असेल तर बहुतेक चालतो) आणि सिम ४जीचं हवं. बीएसएनएलचं जुनं २जी-३जी सिम अजून तसंच असेल, तर आधी ते बदलून घ्या. सेटिंगमध्ये 'व्हीओएलटीई' नावाचं बटण दिसलं तर तेही चालू ठेवा. ते का, हे पुढे येतंच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सेटिंग्ज उघडायची आणि वरच्या शोधाच्या चौकटीत 'वायफाय कॉलिंग' हे शब्द इंग्रजीत टाइप करायचे. फोन कुठल्याही कंपनीचा असो, बटण सापडतं. शोधून नाही मिळालं तर असं जा:

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग मोबाईल सर्व्हिस (जुन्या आवृत्तीत मोबाईल डेटा) आणि तिथे वायफाय कॉलिंग.

सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, वायफाय कॉलिंग.

पिक्सेलमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, सिम्स, त्यात तुमचं सिम निवडून वायफाय कॉलिंग.

रेडमी, पोको, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्यात मेनूची नावं थोडी वेगळी असतात, पण सिम कार्ड आणि मोबाईल नेटवर्कच्या पानावर जाऊन आपलं सिम निवडलं की खाली हा पर्याय दिसतो. शाओमीच्या काही फोनवर त्याचं नाव 'मेक कॉल्स युजिंग वायफाय' असं आहे.

दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी बटण वेगळं चालू करावं लागतं. एक चालू केलं आणि बँकेशी जोडलेला नंबर दुसऱ्याच सिमवर आहे, असं अगदी सहज होतं.

काही फोन पुढे विचारतात की प्राधान्य कशाला द्यायचं, वायफायला की मोबाईल नेटवर्कला? घरात रेंज अगदीच नसेल तर वायफाय निवडा. रेंज ठीक असेल आणि वायफायच कधीमधी लटकत असेल तर मोबाईल नेटवर्क. ही निवड महत्त्वाची आहे, कारण "वायफाय कॉलिंग चालू केल्यापासून आवाज तुटतो" अशी तक्रार करणाऱ्यांच्या फोनमध्ये अनेकदा चांगली रेंज असूनही फोन कमजोर वायफायला चिकटून बसलेला असतो.

चालू झालं हे कसं ओळखायचं?

फोन एअरप्लेन मोडवर टाका. आता टॉवरशी संबंध संपला. मग फक्त वायफाय पुन्हा चालू करा, मिनिटभर थांबा आणि घरातल्याच दुसऱ्या नंबरवर फोन लावा. रिंग गेली की काम झालं. मग त्या नंबरवरून उलटा कॉलही करून बघा, कारण येणारे कॉल लागणं हेच जास्त गरजेचं असतं.

एकही रेंजची कांडी नसलेल्या घरात तुम्ही एअरप्लेन मोड तसाच ठेवून वायफायवर राहू शकता. सतत टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरीही त्यामुळे वाचते. फक्त घराबाहेर पडताना तो बंद करायची आठवण ठेवा.

कॉल चालू असताना घराबाहेर पडलात तर? व्हीओएलटीई चालू असेल आणि बाहेर ४जीची रेंज असेल, तर कॉल वायफायवरून टॉवरवर सरकतो, तुटत नाही. व्हीओएलटीई चालू ठेवा म्हटलं ते यासाठी.

चालू केलं, पण कॉल लागतच नाही

घरी चालतं पण ऑफिसमध्ये किंवा हॉस्टेलवर नाही, ही सगळ्यात नेहमीची अडचण. मघाशी ज्या बोगद्याचा उल्लेख केला, तो यूडीपीच्या ५०० आणि ४५०० क्रमांकाच्या पोर्टमधून जातो. अनेक ऑफिसं आणि कॉलेजं सुरक्षेसाठी ही पोर्ट बंद ठेवतात. त्यावर तुम्ही स्वतः काही करू शकत नाही, पण आयटीवाल्यांना हे दोन आकडे सांगितले तर त्यांना लगेच कळेल काय उघडायचंय.

फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून बघा. रेल्वे स्टेशन किंवा कॅफेच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान भरावं लागतं, ते भरल्याशिवाय कॉल जाणार नाही. घरच्या राउटरपासून लांबच्या खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा. वेग कमी मिळेल, पण भिंतीपलीकडे तेच जास्त पोहोचतं, आणि कॉलला वेग लागतो तरी किती?

एक जुगाडही सांगून ठेवते. तुमच्या नंबरला रेंज नाही, पण शेजारी बसलेल्या मित्राच्या कंपनीला आहे? त्याचा हॉटस्पॉट घ्या. तुमच्या फोनसाठी तोही वायफायच. त्यावरून तुमच्या नंबरचे कॉल येऊ-जाऊ शकतात.

पैसे लागतात का? कुणी ऐकतं का?

भारतात भारतातल्याच नंबरवर केलेल्या अशा कॉलला वेगळे पैसे पडत नाहीत. तुमच्या प्लॅनमधला साधा कॉल म्हणूनच तो मोजला जातो, त्यामुळे प्लॅन संपलेला असेल तर वायफाय असूनही कॉल जाणार नाही. डेटा राउटरचा जातो, तोही मिनिटाला साधारण एक एमबीच्या आसपास.

दुसऱ्याच्या वायफायवर असलात तरी वायफायचा मालक तुमचं बोलणं ऐकू शकत नाही, कारण फोनपासून कंपनीपर्यंतचा मार्ग एन्क्रिप्टेड असतो. पण व्हॉट्सॲपसारखं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन इथे नाही. कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरल्यावर तो साधा फोन कॉलच असतो आणि साध्या कॉलला लागू असलेले सगळे कायदे त्याला लागू होतात.

लाइट गेली की?

याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही. लाइट गेली, राउटर बंद पडला आणि टॉवरची रेंज आधीपासूनच नाही, म्हणजे घरात एकही फोन लागणार नाही. पावसाळ्यात गावी हे हमखास होतं. गावाकडच्या घरात वायफाय कॉलिंगवर भिस्त ठेवणार असाल, तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्याच. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून त्याच मापाचा घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागेल.

दुसरी गोष्ट ११२ ची. टॉवरवरून केलेल्या कॉलमध्ये तुम्ही कुठल्या टॉवरजवळ आहात हे नेटवर्कला कळतं. वायफायवर ती खात्री नसते. अमेरिकेत तर हे बटण चालू करतानाच आणीबाणीसाठी घरचा पत्ता भरून घेतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही. म्हणून संकटात कॉल लागलाच तर पहिल्या वाक्यात गाव, रस्ता, जवळची खूण सांगा. आणि शक्य असेल तर बाहेर येऊन टॉवरवरूनच कॉल करा. घरातल्या वयस्कर माणसांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

परदेशातले नातेवाईक आणि बिलाचा घोळ

सुट्टीला पुण्या-नाशिकला आलेल्या अमेरिकेतल्या भावंडांचा एक समज असतो, की वायफायवर आहे म्हणजे सगळं फुकट. तसं नाही. त्यांच्या अमेरिकन नंबरवरून अमेरिकेत केलेला वायफाय कॉल तिथल्या कंपन्या सहसा देशातला कॉल धरतात. पण त्याच नंबरवरून पुण्यातल्या मावशीला फोन लावला, तर मावशी शेजारच्या गल्लीत असली तरी तो अमेरिकेहून भारतात केलेला आंतरराष्ट्रीय कॉल ठरतो आणि तसे पैसे लागतात.

उलट दिशेने, भारतीय सिम घेऊन परदेशी जाणाऱ्यांसाठी प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असणं गरजेचं असतं, काही सेवा भारताबाहेर चालत नाहीत. बँकेच्या ओटीपीसाठी या सोयीवर विसंबणार असाल तर निघण्याआधी कंपनीच्या ॲपवर नियम वाचा.

कुणी कोड डायल करायला सांगितला तर

वायफाय कॉलिंग सुरू करायला ओटीपी लागत नाही, कुणाला फोन करावा लागत नाही, कुठला कोड डायल करावा लागत नाही. "नेटवर्क सुधारून देतो, स्टार ४०१ लावून हा नंबर डायल करा" असं सांगणारा माणूस तुमचे कॉल स्वतःच्या नंबरवर वळवून घेत असतो. म्हणजे कॉलवर येणारे ओटीपीही त्याच्याकडेच जाणार. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२४ मध्ये याच फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं.

सगळं करूनही बटण दिसत नसेल तर आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही दिसलं, तर १९८ वर तक्रार नोंदवा, तुमच्या नंबरवर वायफाय कॉलिंग चालू करून मागा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या.