राखाडी शाई आणि कागजीपुऱ्याचा कागद

'राखाडी शाई' हे नावच मुळात गमतीचं आहे. फारसीत 'सियाह' म्हणजे काळा, 'सियाही' म्हणजे काळेपणा, आणि त्याच शब्दाची मराठीत शाई झाली. कागद, कलम, दौत, दफ्तर हे शब्दही फारसी-अरबीतूनच आलेले.

मला मात्र शाई घेताना व्युत्पत्ती आठवली नाही. आजोबांची एक वही आहे. तिच्यात घरातले जन्म, निकाह, मृत्यू मोडक्यातोडक्या उर्दूत आणि मराठीत टिपलेले आहेत. पावसाचं पाणी पेटीत शिरलं आणि अब्बांच्या हातची निळ्या शाईतली पाच-सहा पानं धुऊन निघाली. आज आपल्याकडे कोण कधी कोणता कागद मागेल, सांगता येत नाही. म्हणून उरलेलं नव्यानं उतरवायला बसलो. राखाडी रंग सौम्य, जुन्या दस्तऐवजाला शोभेलसा वाटला. जपानच्या पायलट कंपनीची 'फुयु-शोगुन' नावाची निळसर राखाडी शाई मागवली.

आधी ती झेरॉक्सच्या कागदावर चालवून पाहिली. रेघ पसरली, अक्षरांना बारीक केस फुटले, मागच्या बाजूला डाग उमटले. शाळेच्या वहीवर थोडं बरं. मग दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान असलेल्या कागजीपुऱ्यातून आणलेला हातकागद काढला. त्यावर तर शाईचा कोळीच झाला! टाकाच्या टोकात तंतू अडकले ते वेगळंच.

दोष कागदाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. जुने कागदी कारागीर गोणपाटं आणि दोरखंड चुन्याच्या पाण्यात भिजवत, कुटून लगदा करत, गवताच्या जाळीवर एकेक पान उचलत. पण एवढ्यानं तो लिहिण्याजोगा होत नसे. त्याला खळ लावायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटायचं. खळ तंतूंची भोकं बुजवते, घोटाई पृष्ठभाग दाबून चकचकीत करते. मी भाताची पेज गाळून एका तावावर लावली, दोन दिवस वाळवली आणि अकीकच्या खड्यानं घोटली. अर्ध्या तासात मनगट दुखायला लागलं, ताव मात्र चमकला. त्यावर तीच शाई जागच्या जागी राहिली. रेघेच्या सुरुवातीला फिकी, शेवटी गडद. एकाच अक्षरात राखाडीच्या तीन छटा.

हे ज्ञान आलं कुठून? मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला नेली, तेव्हा कागद करणारेही आले, अशी कागजीपुऱ्याची परंपरा सांगते. जुन्नरलाही मुसलमान कागदी होते; पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा तिथून आलेल्यांनी वसवला. पेशवाईत जुन्नरी कागदाला मोठी मागणी होती. मराठ्यांचा इतिहास ज्या मोडी कागदांतून आपण वाचतो, त्यातले कितीतरी ताव या हातांनी घोटलेले आहेत. पत्रं कुणी लिहिली यावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ झाले. ताव कुणी केले, हे मात्र पेठेच्या नावापुरतं उरलं. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली ती गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून, पण तोवर गिरणीच्या कागदानं या घरांचा धंदा जवळजवळ बसवला होता.

शेवटची परीक्षा पाण्याची होती. घोटलेल्या तावावर एक ओळ लिहून दिवसभर वाळू दिली आणि वर पाण्याचे चार थेंब सोडले. राखाडी रंग उठून कडेला पसरला, मागे निळसर सावली राहिली. ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळणारीच, तो तिचा धर्म. पूर्वीची काजळी आणि डिंकाची शाई उन्हानं उडत नसे, पण डिंक पाण्यात सुटतो. लेखनिक चुकलेलं अक्षर ओल्या फडक्यानं पुसूनही टाकत. म्हणजे तीही पाण्यात पक्की नव्हे.

राखाडी बाटली आता पत्रांसाठी ठेवली आहे. वही उतरवायला पाण्यानं न सुटणारी, बारीक काजळीची काळी शाई आणली. ती पेनात वाळली तर पेन बंद पडतं, म्हणून रोज उठताना निब धुवावी लागते. आतापर्यंत आजोबांच्या वडिलांच्या निकाहापर्यंत पोचलो आहे, आणि घोटलेले सात ताव अजून शिल्लक आहेत.