वकट, लेंड, मूंड : एका मोजणीची कुळकथा

विटी उडाली, कोणाच्या हाती न सापडता जमिनीवर पडली, आणि ती पडली तेथून खळग्यापर्यंतचे अंतर दांडूने मोजण्याची वेळ आली, म्हणजे निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या मोकळ्या जागेत आम्ही मुले जे शब्द मोठ्या गंभीरपणे उच्चारीत असू, ते आमच्या मराठी शाळेच्या क्रमिक पुस्तकात नव्हते, पलीकडच्या कन्नड शाळेतही कोणी गुरुजी शिकवीत नव्हते, आणि तरीही ते चुकीचे म्हटले गेले असते तर डाव मोडून हाणामारीवर प्रकरण गेले असते, इतका त्यांचा अंमल होता. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. दांडू उलटापालटा टाकीत एकेका मापाला एकेक नाव घ्यायचे, सातव्यावर फेरी पुरी करून पुन्हा वकटवर यायचे, आणि ज्या नावावर मोजणी संपेल त्या नावाला जो टोला ठरलेला असेल तो पुढे मारायचा. कोणत्या टोल्याला विटी पायाच्या चवड्यावर ठेवावी, कोणत्याला मुठीवर, कोणत्याला डोळ्यावर, याचा दस्तुर मात्र गावोगाव निराळा, आणि निपाणीची वहिवाट चिकोडीच्या पोराला मान्य होईल अशी आशा आम्ही कधी धरली नव्हती.

येथे नीट पाहिले तर खोड एका गोष्टीत आहे. ‘नाल’ हा एकच शब्द एकाच वेळी चौथे माप सांगतो, एका विशिष्ट टोल्याचे नाव होतो, आणि तो टोला मारताना शरीराची जी ठेवण धरायची तिचाही निर्देश करतो; तेव्हा दोन गावची मुले भांडू लागली की एकजण संख्येविषयी बोलत असतो, दुसरा ठेवणीविषयी, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. हे केवळ आपल्याकडच्या पोरांचे अडाणीपण नव्हे. मेजाभोवती बसून, कागद व फासे पुढे ठेवून, पात्रे वठवीत खेळण्याचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा जो खेळ 1974 साली अमेरिकेत छापून निघाला, त्यात ‘लेव्हल’ हा एकच शब्द पात्राची योग्यता, मंत्राची पायरी, राक्षसाचे बळ आणि भुयाराचा मजला या चारही अर्थांनी वापरात आला. त्याचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स याने 1978 च्या नियमपुस्तकात वेगवेगळ्या नावांचा विचार झाल्याचे नमूद करून अखेर रूढ शब्दच कायम ठेवला. रूढीपुढे पुस्तककर्त्याचे चालत नाही, तेथे निपाणीच्या वखारीमागे कोणाचे चालणार?

तर एके दिवशी आमच्यात कन्नड शाळेत जाणारा एक मुलगा खेळायला आला. मोजणी पाचव्या मापावर संपली. आम्ही एकमुखाने ‘आर’ म्हणालो. आणि तो दांडूवर पाय देऊन उभा राहिला. ‘‘ऐद कुठं गेलं रं?’’ तो म्हणाला. ‘‘नाल म्हंजे चार. आर म्हंजे सहा. मधलं पाच कुणी खाल्लं?’’ कन्नडात नाल्कु म्हणजे चार, ऐदु म्हणजे पाच, आरु म्हणजे सहा, हे सीमाभागात राहणाऱ्या कोणालाही बाजारहाटामुळे ठाऊक असते, आम्हालाही होते. परंतु ज्या शब्दांवर आपण रोज भांडतो ते शब्द म्हणजे आकडे आहेत, हे त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलेले नव्हते. त्याने लगोलग फिर्यादही पुढे नेली : आकडे कन्नड, म्हणून खेळ कन्नड, म्हणून नियम त्याचा. आम्हीही हटलो नाही; वकट हा कुठला कन्नड शब्द, असे आम्ही विचारले, कारण कन्नडात एकाला ओंदु म्हणतात आणि दोनाला एरडु, आणि तेथे वकट-लेंडचा मेळ बसत नाही. त्या काळात वडीलधारी माणसे संध्याकाळी ओट्यावर बसून जो विषय चघळीत, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेला हा मुलूख नक्की कोणाचा, तोच विषय आम्ही नकळत एका हातभर दांडूवर काढला होता.

फैसला केला तो रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेल्या एका म्हाताऱ्या वडाराने. आरडाओरडा त्याला असह्य झाला असावा. ‘‘मामा, तुम्ही सांगा की, नालच्या म्होरं काय?’’ असे कोणीतरी विचारले, तेव्हा त्याने हातोडा बाजूला ठेवला, समोरच्या खडीतले दगड एकेक करून उचलून दाखवीत आपल्या घरच्या बोलीत मोजले : वकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. आमचे तोंड उघडेच राहिले. आमची वकट-लेंड-मूंड तेथे जवळजवळ तंतोतंत होती, कन्नड मुलाचा हरवलेला ऐदही तेथे होता, आणि दोन्ही पक्षांचा दावा एकदमच खारीज झाला होता, कारण वडारांची बोली तेलुगूच्या पोटातली.

पुढे मोठेपणी शब्दांच्या कुळाकडे पाहण्याची सवय लागली तेव्हा त्या म्हाताऱ्याचा दाखला मला अधिकच पक्का वाटू लागला. तेलुगूतील एकचा आद्य स्वर बोलताना सहज ‘वो’, ‘व’ असा ऐकू येतो. तेथून ‘वकट’ दोन पावलांवर आहे. ‘रेंडु’चा र आणि आमचा ल यांची अदलाबदल सामान्य आहे, आणि काही गावी मुले ‘रेंड’ असेच म्हणतात. परंतु सर्वांत बोलका पुरावा मूंड या शब्दाच्या अनुस्वारात आहे. आजच्या तेलुगूत तीनाला मूडु म्हणतात, त्यात नासिक्य ध्वनी नाही. परंतु जुन्या तेलुगू लेखनात या शब्दाच्या मधोमध अरसुन्ना नावाचे अर्धानुस्वाराचे चिन्ह लिहीत असत, म्हणजे तेथे पूर्वी नाकातला उच्चार होता. तेलुगू बोलणाऱ्यांच्या तोंडून जो अनुस्वार झिजला, तो निपाणीच्या पोरांनी विटीबरोबर जपून ठेवला. पाच गळून पडला असे धरले, तर आर हा सहा आणि वेद हा एडु म्हणजे सात ठरतो आणि क्रम नीट लागतो. झकूचे नाते मात्र मी कोणत्याही आकड्याशी जोडणार नाही, ती फेरी संपल्याची आरोळी असावी.

मराठीत द्राविडी शब्द आहेत यात नवल काहीच नाही. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे आपल्या स्वयंपाकघरात आणि नात्यागोत्यात इतके मुरले आहेत की त्यांची चौकशी कोणी करीत नाही. बेळगाव जिल्ह्यातच गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या शं. बा. जोशी यांनी मराठी आणि कन्नड यांच्या प्राचीन नात्याचा शोध दोन्ही भाषांतून घेतला. विश्वनाथ खैरे यांनी पुढे मराठी शब्दांची मुळे थेट तमिळमध्ये धुंडाळली. विद्वानांना अशा प्रसंगी सातवाहनांपर्यंत मागे जाण्याचा मोह होतो. माझा कल निराळा आहे. राजे आणि राजधान्या शिलालेखांत भाषा ठेवून जातात. पोरांच्या खेळात भाषा येते ती पोरांकडूनच. विहिरी खोदीत, बांध घालीत, खडी फोडीत वडारांचे तांडे महाराष्ट्र-कर्नाटकभर फिरले, त्यांच्या पालांतली मुले गावाबाहेरच्या माळावर खेळली, आणि गावातल्या मुलांनी त्यांच्याकडून खेळासकट मोजणी उचलली, असे मानणे मला अधिक स्वाभाविक वाटते. ज्यांचे दफ्तर कोणी ठेवले नाही, त्यांचे आकडे अशा रीतीने एका खेळाच्या दफ्तरात दाखल झाले.

1967 साली महाजन आयोगाने या मुलखाची वाटणी सुचवताना 264 गावे महाराष्ट्राकडे आणि 247 गावे कर्नाटकाकडे द्यावीत असे लिहिले, आणि तो अहवाल दोन्ही बाजूंनी अद्याप चर्चेत आहे. आमचा तंटा मात्र त्याच संध्याकाळी मिटला : पाच परत आणायचा नाही, कारण आणला तर सगळे टोले एकेक घराने पुढे सरकतील आणि मुठीवरची विटी डोळ्यावर जाईल, असे ठरले. कन्नड शाळेतल्या त्या मुलाने हा ठराव मान्य केला, फक्त स्वतःची पाळी आली की पाचव्या मापाशी क्षणभर थांबून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून, मग मोठ्याने ‘आर’ म्हणत असे.

आता त्या वखारीमागे घरे उठली आहेत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, गडहिंग्लज, कागल या टापूतल्या वाचकांना, विशेषतः ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी दांडू धरला आहे त्यांना, एक विनंती आहे. तुमच्या गावी नालनंतर काय म्हणत, कोणत्या नावाला विटी कोठे ठेवीत, आणि पाचाची जागा कोठे शाबूत होती काय, एवढे एका कागदावर गावाच्या नावासह लिहून ठेवा.