वरळीचा बेडूक

कोनहून बोलतोय. पनवेलजवळचं कोन. आजोबांच्या गिरणीच्या हक्कातून इथं घर मिळालं, त्याआधी आमचं सगळं वरळीत. आता हे घरचं पुराण कशाला, ते पुढे कळेलच.

एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, पनवेलच्या खाणीत जीवाश्म सापडतात का?" सरळ सांगतो, खडीच्या खाणीत शोधत बसू नका. तो काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. हजार अंशांच्या वरच्या त्या रसात बेडूक पडला, तर उरणार काय?

पण लाव्हा काही रोज वाहत नव्हता. एक लोंढा यायचा, थिजायचा, मग लांबलचक शांतता. खोलगट जागी पाणी साचायचं, तळाला गाळ बसायचा, झाडं वाढायची, बेडूक-कासवं यायची. मग पुन्हा लाव्हा, आणि तो गाळ खाली गाडला जायचा. त्याचाच पुढे पापुद्रे सुटणारा दगड झाला, त्याला शेल म्हणतात. दोन कातळांच्या मधला थर, सँडविचमधल्या चटणीसारखा.

ही चटणी वरळीत आहे. कोनमध्ये का नाही? देशावर लाव्ह्याचे थर जवळपास आडवे आहेत, पण पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे वाकतात. भूगर्भशास्त्रात याचं नावच 'पनवेल फ्लेक्शर'. (आपलं गाव पुस्तकात आहे, बरं का!) त्यामुळे इथून मुंबईकडे जाल तसे नंतरचे, म्हणजे वयाने लहान थर लागतात. वरळी-मलबार हिलच्या कातळाखाली तो शेल आहे, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. डायनासोर संपले त्याच्या आसपासचा काळ.

१८४७ मध्ये जी. टी. क्लार्क या रेल्वे इंजिनिअरने मुंबई परिसराच्या दगडांवर लंडनला एक लेख पाठवला. त्याला रिचर्ड ओवेनने पुरवणी जोडली. हा तोच ओवेन, ज्याने १८४२ मध्ये 'डायनासोर' हा शब्द जगाला दिला. मुंबईच्या इवल्याशा बेडकाला त्याने नाव दिलं 'राना प्युसिला', म्हणजे अगदी लहान बेडूक. पहार मजुरांची, नाव ठेवणार लंडनचे साहेब, हे तेव्हाचं नेहमीचंच. १९३० मध्ये नोबल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तपासून सांगितलं की हा साधा 'राना' नव्हेच, आणि नवं नाव दिलं 'इंडोबॅट्राकस', हिंदुस्थानचा बेडूक. मधल्या काळात, १८५२ मध्ये, मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या हेन्री कार्टरने बेटाचं भूशास्त्र लिहिलं आणि इथल्याच एका जीवाश्म कासवाला डॉ. लीथ यांचं नाव दिलं.

बेडकांची जागा लव्हग्रोव्हची. आज तिथे सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन आहे. आमच्या घरचे त्या टेकडीच्या पायथ्याशी जन्म काढून आले, पण हा बेडूक कुणाला माहीत नव्हता. शाळेतही कुणी सांगितलं नाही, आणि हे मला खरंच खटकतं.

आता टेकडीवर इमारती आहेत. हातोडी घेऊन फिरायला मोकळी जागा उरली नाही. शेल उघडा पडतो तो टॉवरचा पाया किंवा बोगदा खणताना, आणि काही दिवसांत डंपरमधून भरावाला जातो. तिथे काम करणारे आपले श्रोते आहेत, मला मेसेज येतात. त्यांना एवढंच सांगतो: काळपट, पानांसारखा सुटणारा दगड दिसला आणि त्यावर पानाचा ठसा किंवा बारीक हाडं असतील, तर शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, खोली आणि जागा लिहून ठेवा, साइट इंजिनिअरला दाखवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. तुकडा धुऊ नका, शेल पाण्यात सुटतो.