तळटीप : ‘उणे तीन’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे समोरच्या सावरगावाशी दगडफेक, होते. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना नागपूरला हलवतात. मजकुरातला ‘उणे तीन’ हा आकडा अशा रुग्णांची गुंगी आणि अस्वस्थता अतिदक्षता विभागात मोजणाऱ्या रिचमंड मापनाचा (२००२). शून्य म्हणजे रुग्ण जागा आणि शांत, अधिक चार म्हणजे अंगावर धावून जाणारा, उणे पाच म्हणजे कशालाच दाद न देणारा.

आधी नुसते बघायचे. जागा नसेल तर नावाने हाक मारून ‘डोळे उघडा, माझ्याकडे बघा’ म्हणायचे. नजर दहा सेकंदांहून जास्त टिकली तर उणे एक, त्याआधीच ढळली तर उणे दोन. हालचाल झाली पण नजर भिडलीच नाही, तर उणे तीन. हाकेला काहीच प्रतिसाद नसेल, तरच खांदा हलवायचा किंवा छातीचे हाड चोळायचे.

रुग्ण सौंसरच्या एखाद्या आजी असतील, तर त्यांना हाक घरच्या मराठीतच मारावी, हा आमचा आग्रह.

डोक्याला मार असेल तर हा आकडा एकटा पुरत नाही. गुंगी औषधाची की मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे त्यावरून कळत नाही; म्हणून शुद्ध मोजणारे ग्लासगो मापन (१९७४) आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची तपासणी सोबत लागते. रुग्ण नळ्या ओढू लागला, तर गुंगीचे औषध वाढवण्याआधी वेदना, तुंबलेली लघवी आणि कमी पडलेला ऑक्सिजन तपासतात.